मुठीची कैफियत

वणीहून राजूरला येणाऱ्या माणसाच्या अंगावर दोन धुळी बसतात, एक कोळशाची आणि दुसरी चुन्याची. आणि त्यांपैकी कोणती अधिक बसली आहे यावरून पाहुणा खाणीकडून आला की भट्ट्यांकडून आला, हे आमचे मामा ओसरीवर बसल्या बसल्या सांगतात. मामा म्हणजे माझ्या मुलीचे मामा, नात्याने माझे मेहुणे. परंतु मुलांच्या तोंडची हाक हळूहळू घरातील थोरांच्याही तोंडी रुळावी, या आपल्याकडील जुन्या रिवाजाप्रमाणे मीही त्यांना मामाच म्हणतो. उमेदीची सारी वर्षे त्यांनी भूमिगत खाणीत दोराच्या हॉलेजवर फिटर म्हणून काढली, आणि सेवानिवृत्तीनंतरही कोणतीही हलणारी वस्तू दृष्टीस पडली की ती कशाने हलते यापेक्षा ती कशाने थांबते हे विचारण्याची त्यांची सवय सुटलेली नाही.

2023 च्या दिवाळीत माझी मुलगी नागपूरहून आली ती फराळाच्या डब्याबरोबर पंच्यात गुंडाळलेला एक ॲल्युमिनियमचा पंजा घेऊन आली. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून तिच्या महाविद्यालयाचा संघ रोबोकॉन या स्पर्धेची तयारी करीत होता, आणि यंत्रमानवाच्या हाताची, म्हणजे वस्तू धरणाऱ्या व सोडणाऱ्या अवयवाची, जबाबदारी संघाने तिच्यावर टाकली होती. या स्पर्धेची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने 1988 साली विद्यार्थ्यांसाठी यंत्रमानवांची स्पर्धा सुरू केली. 2002 साली आशिया-प्रशांत प्रसारण संघाने तिला आंतरराष्ट्रीय रूप देऊन पहिला सामना टोकियोत भरवला. आणि आपल्याकडे दूरदर्शनने तिचा भार उचलला. यजमान देशाने आपल्या संस्कृतीतील एखादा खेळ अथवा प्रसंग निवडावा आणि त्यावर त्या वर्षीचे नियम रचावेत, असा तेथील दस्तुर आहे. म्हणून 2008 साली पुण्यात यंत्रांनी गोविंदा होऊन हंडीतील लोण्यासाठी झटापट केली; 2014 साली पुन्हा पुण्यातच पालक-यंत्राने बालक-यंत्राला उचलून सी-सॉवर आणि झोक्यावर नेऊन बसवले; 2022 साली दिल्लीत लगोरी रचली गेली; आणि 2024 साली यजमानपद व्हिएतनामकडे असल्यामुळे भाताची रोपे लावणे, पीक गोळा करणे आणि ते कणगीत भरणे हा विषय ठरला होता. हंडी असो, लगोरी असो वा रोप असो, खेळ निराळे दिसले तरी यंत्राला करावयाचे ते एवढेच की एका जागची वस्तू धरावी आणि दुसऱ्या जागी सोडावी.

ओसरीवर पाट मांडून तिने पंजा ठेवला. शीतपेयाच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या सायकलच्या पंपाने हवा भरून टणक केल्या, बारीक निळी नळी जोडली, विजेची घंटीवजा कळ हातात घेतली, आणि रोपाच्या जागी म्हणून पाण्याच्या पाइपाचा एक तुकडा उभा करून कळ दाबली. ‘फट्’ असा आवाज झाला आणि पंजाने पाइप पकडला. मामांनी मान डोलावली. पुढे जो संवाद झाला तो मला जसा आठवतो तसा येथे नमूद करतो. भाषा माझ्या हातून थोडी सरळ झाली असेल, परंतु मुद्दे ज्याचे त्याचेच आहेत.

मामा : धरलेस. आता सोडून दाखव.

तिने दुसरी कळ दाबली. जबडे उघडले, परंतु पाइप सरळ उभा राहण्याऐवजी डाव्या जबड्याच्या रबराला क्षणभर चिकटून राहिला, आणि मग तिरपा होऊन फरशीवर आडवा झाला.

भाची : ते किरकोळ आहे, मामा. दहांतून एखादा पडेल. खरा प्रश्न धरण्याचा आहे. यंत्र धावत येणार, रोप उचलणार, जागच्या जागी वळणार. त्या हिसक्यात पकड निसटली तर पुढचे सगळेच व्यर्थ. सोडायला काय लागते? जबडा उघडला की वस्तू सुटली.

मामा : हॉलेजवर आलेल्या नव्या पोरालाही पहिल्या दिवशी असेच वाटते. कोळशाच्या टबाची साखळी अडकवणे हे काम, आणि काढणे म्हणजे काम संपल्याची खूण. म्हणून अडकवताना तो सावध असतो आणि काढताना त्याचे लक्ष जेवणाच्या डब्याकडे गेलेले असते. आम्ही त्याला सांगत असू, की बाबा, अडकवलेली साखळी ताणात आहे हे तुला डोळ्यांनी दिसते. काढताना तिच्यात किती ताण उरला आहे हे मात्र दिसत नाही. तुझ्या या हाताने किती जोराने धरले होते, ते तरी तुला ठाऊक आहे का?

भाची : आहे की. हा सिलिंडर 25 मिलिमीटर व्यासाचा आहे. स्पर्धेच्या वेळी हवेचा दाब 6 बार राहील. हिशेब केला तर दांडा सुमारे 30 किलो वजनाइतका रेटा देतो. जबडे लांब असल्यामुळे टोकाशी त्याचा तिसरा हिस्सा पोचतो, म्हणजे 10 किलो.

मामा : आणि या पाइपाचे वजन?

भाची : अर्धा किलो धरा.

मामा : अर्ध्या किलोला दहा किलोंचा बंदोबस्त! बरे, लागतो किती, तेही तुमच्या शास्त्राने सांग.

ती हसली, आणि पाटावरच खडूने आकडे मांडू लागली. वस्तू खाली ओढली जाते ती वजनाने आणि तिला वर धरून ठेवते ते घर्षण. उचलतानाचा हिसका जमेस धरून वजन दुप्पट, म्हणजे 1 किलो मोजले, तर दोन्ही जबड्यांनी अर्धा-अर्धा किलो घर्षण द्यावयाचे. रबर आणि प्लास्टिक यांच्यामध्ये दाबाच्या निम्मे घर्षण मिळते असे मानले, तर प्रत्येक जबड्याने 1 किलोने दाबले म्हणजे पुरते. तिपटीची सोय राखली तरी 3 किलो.

मामा : मग वरचे सात किलो कोणाच्या खाती?

भाची : सुरक्षिततेच्या.

मामा : सुरक्षिततेची तजवीज तू तिपटीत केलीस ना? मग हे सात बेहिशेबी आहेत, आणि तुझा पाइप तिरपा पडला तो यांच्याच करामतीने. मऊ रबर जितके जोराने दाबशील तितके ते वस्तूच्या अंगाला अधिक बिलगणार, आणि बिलगलेले सोडायला वेळ लावणार. दोन्ही बाजू एकाच क्षणी सुटल्या तर वस्तू उभी राहील. एक अर्धा क्षण मागे राहिली की तिने वस्तूला आपल्याकडे ओढलेच म्हणून समज. तुझ्या पकडीत उणेपणा नव्हता, पोरी, अतिरेक होता.

येथे मला वाटले की भाची निरुत्तर झाली. परंतु आजकालची मुले वडीलधाऱ्यांपुढे निरुत्तर होण्याची घाई करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

भाची : हे खरे आहे, आणि याचा एक दाखला माझ्याकडेही आहे. मामा, तुमच्या शेतात आता वेचणी चालू आहे. बायांची बोटे कापूस उपसतात आणि ओटीत टाकतात. यात सोडणे वेगळे असे आपल्याला दिसतच नाही. पण अमेरिकेत कापूस वेचणारे यंत्र करू पाहणाऱ्यांना तेच दिसले. त्यांनी काटेरी, दातेरी चात्या फिरवल्या. बोंडातला कापूस त्यांना छान गुंडाळला जाई, आणि मग काही केल्या निघत नसे. जॉन रस्ट नावाचा माणूस यावर पुष्कळ डोके खाजवीत होता. एका रात्री त्याला आठवले, की त्याची आजी सूत कातताना चाती ओली करीत असे. त्याने दात काढून टाकले आणि गुळगुळीत चाती पाण्याने भिजवली. ओलाव्याने कापूस धरला, आणि गुळगुळीतपणामुळे तो अलगद सुटलाही. 1930 नंतरच्या दशकात त्याचे यंत्र शेतात चालले.

मामा : वा! म्हणजे आजीबाईंनी शिकवले.

भाची : आजीबाईंनी शिकवले, पण यंत्राने केले. माझे म्हणणे तेवढेच आहे. सोडण्याचा प्रश्न कठीण असेल, मान्य. पण तो सुटतो. रबराची पट्टी अरुंद केली, दाब कमी केला, दोन्ही जबडे एकमेकांत गुंतलेल्या सारख्या दात्यांच्या चाकांवर बसवले म्हणजे एकाच क्षणी उघडतील. आणि केव्हा उघडायचे ते आज्ञावली ठरवील. हाताने विचार करायचा नाही. विचार डोक्याने करायचा.

मामा : येथे मात्र तुझा आणि माझा रस्ता वेगळा होतो. तू मोट पाहिली आहेस?

भाची : चित्रात.

मामा : मग ऐक. आमच्या लहानपणी मळ्याच्या विहिरीवर मोट होती. चामड्याची मोठी पखाल, आणि तिला खाली हत्तीसारखी सोंड. पखालीला जाड दोर बांधलेला, तो नाडा. आणि सोंडेला बारीक दोर, तो सोंदूर. नाडा उंचावरच्या चाकावरून जाई आणि सोंदूर खाली, विहिरीच्या काठालगत बसवलेल्या लाकडी रुळावरून. पण दोन्हींची टोके बैलांच्या जुवालाच बांधलेली. बैल धावेवरून उतरू लागले की दोन्ही दोर सारखेच ओढले जात. पखाल विहिरीत असेपर्यंत सोंदूर सोंडेला दुमडून वर धरी, म्हणून वाटेत थेंब सांडत नसे. पण पखाल काठाच्या वर आली, की ती उंच चाकाकडे चालू लागे आणि सोंड मात्र खालच्या रुळावरून पुढे, थारोळ्याकडे ओढली जाई. दुमडलेली सोंड आपोआप सरळ होई आणि सगळे पाणी धो धो थारोळ्यात. आता सांग, ‘सोड’ असा हुकूम कोणी दिला? बैलांनी नाही, मोटेवरच्या गड्याने नाही. तो तर गाणे म्हणत असे. पाणी कोठे सोडायचे ते दोन दोरांच्या लांबीत आणि दोन रुळांच्या उंचीत कायमचे लिहून ठेवलेले होते.

भाची काही वेळ गप्प बसली. तिने खडूने पाटावर पखाल काढली, दोन दोर काढले, आणि रूळ कोठे येईल हे मामांना दोनदा विचारून घेतले.

भाची : सुंदर आहे. पण मामा, ती मोट एका विहिरीशी लग्न लावून बसलेली होती. दुसऱ्या विहिरीवर नेली की दोर पुन्हा मोजा, रूळ पुन्हा बसवा. माझ्या यंत्राला फडताळातून रोप काढायचे आहे, वेगवेगळ्या खुणांवर ठेवायचे आहे, आणि वाटेत चूक झाली तर परत यायचे आहे. दरवर्षी खेळ बदलतो. एका वर्षी लगोरीच्या चकत्या, दुसऱ्या वर्षी रोपे. अशा ठिकाणी दोराच्या लांबीत हुकूम लिहून भागत नाही. शिवाय वेळ. यंत्र सेकंदाला 2 मीटर वेगाने चालत असताना वस्तू सोडली, आणि सोडायला सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला, तर वस्तू 10 सेंटिमीटर पुढे जाऊन पडते. मोटेला एवढी घाई कधी होती?

मामा : घाई नव्हती, हे कबूल. पण उशीर म्हणतेस तो कोठे होतो, ते पाहिलेस का? ही हवा सोडणारी पेटी तू यंत्राच्या बुडाशी बसवणार, आणि पंजा वर, हाताच्या टोकाला. मधे दीड मीटर नळी. म्हणजे तू हुकूम दिलास. तो कचेरीतून निघाला. नळीभर हवा बाहेर पडेपर्यंत वाटेत मुक्काम करीत पोचला. तोपर्यंत गावातला तलाठी जेवायला गेला. पेटी पंजाशेजारी नेऊन बसव. कचेरी गावात असली म्हणजे हुकूम शिळा होत नाही.

यावर ती मनापासून हसली आणि वहीत टिपण केले. पेटी म्हणजे हवेची झडप. ती पंजाजवळ असावी आणि हवा बाहेर सोडणारे छिद्र मोकळे असावे, हे तिच्या शिक्षकांनीही सांगितले होते, परंतु तलाठ्याशिवाय ते तिच्या ध्यानात राहिले नव्हते, असे तिने नंतर मला सांगितले.

याच सुमारास एका बाटलीच्या बुचाशी बारीक ‘सुऽऽ’ असा आवाज येऊ लागला. पंजाने पुन्हा पाइप धरलेला होता. हवा हळूहळू निघून गेली, जबडे सैल पडले, आणि पाइप पाटावरून घरंगळत मामांच्या पायाशी येऊन थांबला.

मामा : हे बघ. मी सकाळपासून ज्याची वाट पाहत होतो, ते झाले. पहिला प्रश्न हा की हवा गेली तर तुझा हात काय करील? दुसरा प्रश्न, वीज गेली तर काय करील? धरणे आणि सोडणे यांच्या आधी हे लिहून ठेवायचे असते.

भाची : वीज गेली तर चिंता नाही. माझी झडप दोन बाजूंना दोन वेटोळी असलेली आहे. तिला जो शेवटचा हुकूम मिळाला, त्याच ठिकाणी ती बसून राहते. हवा गेली तर मात्र सुटणार.

मामा : म्हणजे निम्मी नोकरी इमानाची. स्टेशनाच्या साइडिंगवर कोळशाच्या वाघिणी उभ्या असतात, त्यांचे ब्रेक कसे लागतात, ठाऊक आहे? लोकांना वाटते, नळीत हवा सोडली की ब्रेक लागतो. तसे नाही. सगळ्या गाडीभर नळीत हवा भरून ठेवलेली असते ती ब्रेक मोकळे ठेवण्यासाठी. नळी तुटली, गाडीचे दोन तुकडे झाले, हवा गेली, की दोन्ही तुकड्यांचे ब्रेक आपोआप आवळले जातात.

भाची : वेस्टिंगहाउसची युक्ती ती. त्याचा पहिला ब्रेक 1869 चा, तो हवा भरली की लागायचा; नळी तुटली की कुचकामी. 1872 साली त्याने तो उलटा केला.

मामा : उलटा नव्हे, सुलटा केला! आमच्या उतारावर तर हवासुद्धा नसे. टबांची रांग दोराने वर ओढली जाताना शेवटच्या टबामागे एक लोखंडी दांडा फरफटत येई. वर जाताना तो नुसता जमिनीवरून खडखडत राही, जणू कामचुकार माणूस. पण दोर तुटून टब मागे यायला लागले की तोच दांडा जमिनीत रुतायचा आणि टबांना रुळांवरून ढकलून जागच्या जागी पाडायचा. त्याला डोके नाही, डोळा नाही, वीज नाही. माझे एकच म्हणणे आहे. ज्याचा श्वास गेला, त्याने धरून राहिले पाहिजे. हाताचा स्वभावच धरण्याचा असावा, आणि सोडण्यासाठी कष्ट पडावेत.

हे बोलताना त्यांचा आवाज थोडा चढला होता. खाणीत आयुष्य काढून वर आलेल्या माणसाला हे वाक्य केवळ यंत्राविषयीचे वाटत नसावे. भाचीने ते ऐकून घेतले, बाटलीचे बूच आवळले, पंप मारून पुन्हा हवा भरली, आणि जबडे उघडून पंजा मामांच्या पुढे सरकवला.

भाची : मामा, यात करंगळी घाला.

मामा : का?

भाची : घाला तर. मी कळ दाबते, आणि मग तुमच्या मताप्रमाणे हवा काढून टाकते. तुम्ही म्हणता तसा पंजा असता तर त्याने दहा किलोंनी धरूनच ठेवले असते. मग आपण पाना शोधू.

मामांनी पंजाकडे पाहिले, करंगळीकडे पाहिले, आणि हात मांडीवर ठेवला.

भाची : तुमच्याच खाणीतले उदाहरण देऊ? उभ्या विवरातून माणसांचा पिंजरा वर येतो. इंजिन चालवणाऱ्याने थांबवायला उशीर केला तर पिंजरा वरच्या चाकाला जाऊन धडकेल. त्यासाठी एडवर्ड ऑर्मरॉड नावाच्या इंग्रजाने 1867 च्या सुमारास एक आकडा काढला. मर्यादेपलीकडे गेला की तो आकडा आधी काय करतो?

मामा (सावकाश) : आधी दोर सोडतो.

भाची : आधी सोडतो. दोर एकटा चाकावरून पुढे निघून जातो. आणि त्याच हालचालीने आकड्याचे पंख पसरून पिंजरा वरच्या कड्यात अडकून राहतो. म्हणजे संकटात जे ओढीत होते ते सोडायचे, आणि ज्यात माणसे आहेत ते धरायचे. ‘नेहमी धर’ असा त्याचा नियम नाही. काय धरले आहे आणि कशाने धरले आहे, हे पाहून त्याचा नियम ठरलेला आहे. 2014 च्या पुण्याच्या स्पर्धेत पालक-यंत्राच्या हातात बालक-यंत्र असे. पालक बंद पडला आणि हात मिटलेलाच राहिला, तर बालकही अडकले. त्याला स्वतः चालता येत असूनही. धरून बसलेला बंद हात ही सुरक्षितता नव्हे, मामा; ती नुसती अडवणूक.

काही वेळ कोणीच बोलले नाही. रस्त्यावरून चुन्याच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला. मामांनी चष्मा काढून पुसला. हा त्यांचा, एखादी फिर्याद अंशतः मंजूर करण्यापूर्वीचा, जुना शिरस्ता आहे.

मामा : ऑर्मरॉडचा आकडा तू बरोबर सांगितलास, आणि मी इतकी वर्षे तो धरणारा आकडा म्हणूनच डोक्यात ठेवला होता. तेव्हा माझा नियम दुरुस्त करतो. श्वास गेल्यावर हाताने काय करावे, हे हातातील वस्तू ठरवील. पण तुझाही एक शब्द मी परत घ्यायला लावणार. तू म्हणालीस, हाताने विचार करायचा नाही, विचार डोक्याने करायचा. या आकड्याला डोके कोठे आहे?

भाची : नाही. तो आकारानेच विचार करतो.

मामा : मोटेसारखा.

भाची : मोटेसारखा. बरे, शब्द परत घेतला. पण अर्धाच! केव्हा सोडायचे ते डोके ठरवील. डोके बंद पडले तर काय करायचे, ते हाताच्या आकारात आधीच लिहिलेले असेल.

मामा उठले आणि अंगणात भिंतीला टेकलेली त्यांची जुनी सायकल ओसरीच्या पायरीपर्यंत घेऊन आले. मागच्या कॅरिअरचा चिमटा त्यांनी बोटाने वर उचलला आणि सोडला. तो खाडकन खाली बसला. या चिमट्यात त्यांचा जेवणाचा डबा रोज खाणीपर्यंत गेला, असे ते म्हणाले, आणि त्याला हवा भरावी लागली नाही. धरणे हे स्प्रिंगचे काम, रात्रंदिवस, बिनतक्रार. आणि माणसाला कष्ट पडतात ते फक्त उघडताना. शिवाय त्याची पकड बेताची: डबा पडत नाही आणि बोट सापडले तर माणूस शिव्या देतो, पण दवाखान्यात जात नाही.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, घरात ओवाळणीची गडबड चालू असताना ओसरीवर दोघांचे कारखान्याचे काम सुरू होते. कॅरिअरच्या दोन स्प्रिंगा निघाल्या आणि पंजात बसल्या. आता जबडे स्प्रिंगने मिटत आणि हवा त्यांना केवळ उघडण्यापुरती लागे; त्यामुळे प्रत्येक वेळची हवाही जवळजवळ निम्म्यावर आली. जबड्यांच्या टोकाशी ताणकाटा लावून मोजले तेव्हा पकड 3 किलोंच्या आसपास भरली, आणि ती 3 भरावी म्हणून मामांनी स्प्रिंगचे दोन वेढे कापले होते, हे मी पाहिले. रबराच्या रुंद पट्टीच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या दोन अरुंद फिती आल्या. सारख्या दात्यांची चाके राजूरला मिळण्यासारखी नव्हती. ती नागपूरला जाऊन बसवायची ठरले, आणि तोपर्यंत दोन्ही जबडे एका आडव्या पट्टीने जोडून वेळ भागवली. पाइप उभा राहिला. दहा वेळा केले, नऊ वेळा उभा राहिला. दहाव्या वेळी कलला, पण पडला नाही.

एक वाद तेवढा राहिला होता. हवा नसताना मिटून राहणारा हा पंजा सामन्यात मधेच बंद पडला, आणि पंचांनी यंत्र पुन्हा सुरुवातीला न्यायची मुभा दिली, तर हातातले रोप काढायचे कसे? भाचीचे म्हणणे, की एवढ्या कारणासाठी जुनाच पंजा बरा होता. मामांचे म्हणणे, की एवढ्या कारणासाठी धरण्याचा स्वभाव सोडू नये. दोघेही आपापल्या जागी हटून बसली असताना भाचीने पतंगाच्या मांज्यासारखी बारीक पण नायलॉनची एक दोरी घेतली, तिचे एक टोक जबड्यांच्या आडव्या पट्टीला बांधले, आणि दुसरे टोक यंत्राच्या पाठीवर येईल असे मोजून तेथे एक लाल मणी अडकवला. मणी ओढला की स्प्रिंगविरुद्ध जबडे उघडत. मणी सोडला की मिटत. विजेचा संबंध नाही, हवेचा संबंध नाही. कोणीही माणूस, यंत्रातले काही न कळणारा देखील, हात घालून वस्तू मोकळी करू शकतो.

मामांनी मणी दोनदा ओढून पाहिला. जबडे दोनदा उघडले.

“नाडा तर होताच,” ते म्हणाले, “आता सोंदूर आला.”

भाची नागपूरला परत गेली तेव्हा पंजाचा आराखडा काढलेली वही ओसरीवरच विसरली, आणि ती टपालाने पाठवण्याचे काम माझ्याकडे आले. पाकिटात घालण्यापूर्वी मी ती चाळली. प्रत्येक भागाला तिने क्रमांक दिला होता आणि बाजूला त्याचे नाव लिहिले होते: जबडा, फीत, स्प्रिंग, सिलिंडर, झडप. सातव्या क्रमांकाच्या बारीक रेघेपाशी मात्र आधी लिहिलेले ‘आपत्कालीन दोरी’ हे शब्द खोडलेले होते, आणि त्यांच्यावर स्वच्छ अक्षरांत एकच शब्द होता: सोंदूर.